एमपीएचला गणित किती लागतं? आणि इतर प्रश्न

सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर शिक्षणाबद्दल प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात आवाहन केलं होतं. पत्रं भरपूर आली. निम्म्या पत्रांचा सूर ‘कोणते विषय टाळता येतील’ असा आहे, त्यामुळे सुरुवात तिथूनच करते. ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: मराठवाड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते, मग एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) केलं आणि आता पुण्यात साथरोगशास्त्र, म्हणजे आजार कुणाला आणि का होतात हे मोजण्याचं शास्त्र, शिकवते.

प्रश्न : बीडीएस आणि इंटर्नशिप झाली आहे. क्लिनिक टाकायचं नाही, एमपीएच करायचं आहे. पण सिलॅबस पाहिला तर पहिल्याच सेमिस्टरला जैवसंख्याशास्त्र आणि साथरोगशास्त्र! दहावीनंतर मी गणिताचं पुस्तक उघडलेलं नाही. हे दोन पेपर वगळून, आरोग्य शिक्षण वगैरे विषय घेऊन एमपीएच करता येईल का? (लातूर)

नाही. आणि एखादी संस्था ‘येईल’ म्हणाली तर तिथे फी भरू नका.

तुमची भीती मात्र मला नवी नाही. दरवर्षी वर्गात निम्मे चेहरे असेच असतात, त्यात एमबीबीएसवालेही असतात. म्हणून नक्की काय लागतं ते आधी सांगते. बेरीज, भागाकार, शेकडेवारी आणि आलेख वाचता येणं. पुढे प्रमाणित विचलन, काय-वर्ग चाचणी, पी-व्हॅल्यू, रिग्रेशन हे सगळं येतं. पण आकडेमोड सॉफ्टवेअर करतं आणि सूत्र कुठून आलं हे परीक्षेत कुणी सिद्ध करायला लावत नाही. आलेल्या उत्तराचा अर्थ काय, एवढं तुम्हाला सांगता आलं पाहिजे. खरी अडचण तिथेच येते, आणि तिचा गणिताशी फारसा संबंध नसतो.

वर्गात मी पहिल्या आठवड्यात एक उदाहरण देते. आकडे मीच रचलेले आहेत. लग्नात २०० माणसं जेवली. संध्याकाळपर्यंत ५२ जणांना उलट्या-जुलाब. तुम्ही चौकशीला गेलात. आजारी पडलेल्या ५२ जणांना विचारलं, काय काय खाल्लंत? ४८ जण म्हणाले बासुंदी, ३९ जण म्हणाले मठ्ठा. गावात तोवर दोन तट पडलेले असतात. आचारी म्हणतो मठ्ठ्याचं ताक बाहेरून आणलं होतं, ताकवाला म्हणतो बासुंदी आदल्या रात्रीची होती. आता ४८ आणि ३९ यांत फरक फार नाही. दोन्ही पदार्थ संशयित दिसतात.

म्हणून जे आजारी पडले नाहीत त्यांच्याकडेही जायचं. हे काम कंटाळवाणं असतं. ‘आम्हाला काही झालं नाही, आम्हाला कशाला विचारता’ असं ऐकून घ्यावं लागतं. पण त्यांना विचारल्यावर कळतं की बासुंदी एकूण १२० जणांनी खाल्ली होती, त्यातले ४८ आजारी, म्हणजे ४० टक्के. बासुंदी न खाल्लेल्या ८० जणांपैकी आजारी फक्त ४, म्हणजे ५ टक्के. मठ्ठा १५० जणांनी प्यायला, त्यातले ३९ आजारी, २६ टक्के. न प्यायलेल्या ५० पैकी १३, तेही २६ टक्केच. मठ्ठा सुटला. बासुंदी खाणाऱ्याला न खाणाऱ्याच्या आठपट धोका होता. जेवल्यापासून दोन-तीन तासांतच उलट्या सुरू झाल्या असतील तर स्टॅफिलोकोकसच्या विषाचा संशय घेऊन पुढे जायचं, कारण ते साधारण अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत आपला प्रताप दाखवतं.

यात दहावीपलीकडचं गणित कुठे आहे? पण ‘५२ पैकी ४८’ सोडून ‘१२० पैकी ४८’ म्हणायला पाहिजे, हे डॉक्टरला शिकवावं लागतं. आपल्याला सवय असते समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाची. जो आलाच नाही तो आपल्या हिशेबात नसतो. तुमचंच उदाहरण घ्या. ओपीडीत तोंडाच्या कॅन्सरचे दहा रुग्ण पाहिले आणि त्यातले नऊ तंबाखू खाणारे निघाले, तर तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. त्याच गावातले, त्याच वयाचे, कॅन्सर नसलेले किती जण तंबाखू खातात? तेही दहात नऊ असतील तर? तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो हे पक्कं आहे, पण ते पक्कं झालं ते अशी तुलना मोठ्या प्रमाणावर केल्यावर.

छेद, म्हणजे ‘किती जणांपैकी’ हा आकडा, नीट मिळाला तरी फसगत होते, त्याचा एक नमुना देते. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीत २०२० साली केरळचा ढोबळ मृत्युदर (वय न पाहता, वर्षाला हजार लोकांमागे मृत्यू) ७ च्या आसपास होता, बिहारचा साडेपाचच्या आसपास. म्हणजे बिहारमध्ये माणसं कमी मरतात, तब्येत सुधारायला तिकडे जावं? केरळात म्हातारी माणसं जास्त आहेत, बिहारमध्ये लहान मुलं आणि तरुण जास्त. वयानुसार दर काढले, दोन्हीकडची वयरचना सारखी धरून तुलना केली, की चित्र उलटतं. ही वयाची दुरुस्ती कशी करायची हे याच पेपरमध्ये शिकवतात. तुमच्या आवडत्या ‘आरोग्य शिक्षण’ विषयात शेवटी हाच प्रश्न येणार. गुटखाबंदीचे फलक लावले, मेळावे घेतले, मग गुटखा खाणारे कमी झाले का? किती जणांपैकी किती, आणि आधी किती होते? हे सांगता आलं नाही तर उरतो फक्त मेळाव्याचा फोटो.

तयारी म्हणाल तर बालभारतीचं दहावीचं गणित भाग १ काढा आणि त्यातली संभाव्यता आणि सांख्यिकी ही शेवटची दोन प्रकरणं वाचा. एक्सेलमध्ये शंभर ओळींची माहिती भरून तिची तक्ता-मांडणी करायला शिका. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचं ‘एपी इन्फो’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, वरचं बासुंदीचं उदाहरण त्यात घालून बघा. क्लासला पैसे घालवू नका.

प्रश्न : मुलगी बी.फार्म. झाली आहे. अमेरिकेत एमपीएचला अर्ज करते आहे. एका विद्यापीठात ४२ क्रेडिट, दुसरीकडे ८०. कोअर, प्रॅक्टिकम, कॅपस्टोन असे शब्द आहेत. एजंट म्हणतो सगळं सारखंच, आणि तीन वर्षं काम करता येतं. खर्च मोठा आहे. काय बघावं? (डोंबिवली)

पत्र मुलीने लिहिलं असतं तर मला जास्त आवडलं असतं, पण असो.

अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांना सीईपीएच ही परिषद मान्यता देते. तिच्या नियमानुसार एमपीएचला किमान ४२ सेमिस्टर क्रेडिट लागतात. क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप. जिथे वर्षाचे चार भाग पाडतात तिथे क्रेडिट लहान असतं, म्हणून आकडा फुगतो. त्या हिशेबाने किमान ५६. जॉन्स हॉपकिन्सची पूर्णवेळ एमपीएच ८० क्रेडिटची आहे आणि ती अकरा महिन्यांत संपते. तेव्हा ४२ आणि ८० यांची तुलना करून उपयोग नाही. फी क्रेडिटवर आहे की टर्मवर, ते विचारा. पैशाचा फरक तिथे पडतो.

कोअर म्हणजे सगळ्यांना सक्तीचे विषय. वर्षानुवर्षं ते पाच होते: जैवसंख्याशास्त्र, साथरोगशास्त्र, पर्यावरण आणि आरोग्य, आरोग्यसेवांचं व्यवस्थापन, सामाजिक व वर्तनशास्त्र. २०१६ मध्ये परिषदेने नियम बदलले. आता विषयांच्या नावांऐवजी २२ क्षमतांची यादी आहे आणि विद्यार्थ्याला त्या सगळ्या आल्या पाहिजेत. काही विद्यापीठांनी जुने पाच पेपर तसेच ठेवले, काहींनी ते एकत्र करून मोठे कोर्स केले. म्हणून दोन संकेतस्थळं शेजारी ठेवली की गोंधळ होतो. मुलीला सांगा, संख्याशास्त्राला आणि साथरोगशास्त्राला प्रत्येकी किती तास आहेत तेवढं शोध. दोन्ही मिळून एकाच कोर्समध्ये उरकले असतील तर मी तरी दुसरं विद्यापीठ बघेन.

प्रॅक्टिकम म्हणजे बाहेरच्या संस्थेत, समजा काउंटीच्या आरोग्य खात्यात, प्रत्यक्ष काम. त्यातून त्या संस्थेला उपयोगी पडतील अशा किमान दोन गोष्टी करून द्याव्या लागतात. एखादा अहवाल, एखादं प्रशिक्षणाचं साहित्य, असं काही. शेवटी सगळं शिक्षण एकत्र आणणारं लेखी काम असतं, त्याला कुणी कॅपस्टोन म्हणतं, कुणी थिसिस. प्रॅक्टिकमची जागा विद्यापीठ मिळवून देतं की विद्यार्थ्यानेच शोधायची, हे अर्ज करण्याआधी ईमेल करून विचारावं. परदेशी विद्यार्थ्याला याचा फार ताण होतो.

आता एजंटची तीन वर्षं. आजच्या नियमाप्रमाणे पदवीनंतर १२ महिने काम करता येतं, आणि पदवी स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने. साथरोगशास्त्र किंवा जैवसंख्याशास्त्र या शाखा त्या यादीत आहेत. साधी, ‘जनरल’ एमपीएच सहसा नसते. पदवीचा सहा अंकी सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा वर्गीकरण क्रमांक, विद्यापीठाकडून लेखी मागवा आणि तो यादीत ताडून बघा. एजंटच्या तोंडच्या शब्दावर कर्ज काढू नका.

बी.फार्म.मध्ये संख्याशास्त्र झालं आहे म्हणून सूट मिळेल का, असंही तुम्ही खाली लिहिलं आहे. पदवीच्या पेपरवर बहुधा नाही मिळत. मिळालीच तरी बहुतेक ठिकाणी त्याऐवजी दुसरा विषय घ्यावा लागतो, एकूण क्रेडिट कमी होत नाहीत. ब्रिटनचाही विचार करा. तिथे मास्टर्स १८० क्रेडिटची, एका वर्षात होते. पण त्या एका वर्षात बाहेरचं काम फार कमी ठिकाणी सक्तीचं असतं, हे लक्षात ठेवा.

प्रश्न : मी बी.एस्सी. संख्याशास्त्र. डॉक्टर नाही. एमपीएचला घेतील का, आणि घेतलं तर टिकेन का? (कोल्हापूर)

बहुतेक ठिकाणी घेतात. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्य, अर्थशास्त्र शिकलेली मुलं डॉक्टरांच्या शेजारी बसून शिकतात. मात्र काही संस्थांना आरोग्यक्षेत्रातली पदवी किंवा अनुभव लागतो, तेव्हा माहितीपत्रकातली पात्रतेची ओळ नीट वाचा. पहिल्या सेमिस्टरला लातूरच्या मॅडम तुमच्या वह्या मागतील. तुमची कसोटी लागेल गुणात्मक संशोधनात. एका आजीच्या ओट्यावर तासभर बसायचं, तिने क्षयाच्या गोळ्या मध्येच का सोडल्या हे तिच्याच शब्दांत काढायचं, आणि त्या तासाभराच्या ध्वनिमुद्रणाचा शब्दन् शब्द उतरवायचा. संख्याशास्त्राच्या मुलांना हे ‘ढोबळ’ वाटतं. करून पाहिलं की मत बदलतं.

प्रश्न : बी.एस्सी. नर्सिंग. सहा वर्षं आरोग्य अभियानात कंत्राटी काम करते, पाड्यांवर फिरते. एमपीएचमध्ये पुन्हा ‘फील्डवर्क’ आहे म्हणे. अनुभव आहे म्हणून ते माफ होईल का? पत्राद्वारे एमपीएच चालेल का? (गडचिरोली जिल्हा)

ताई, माफ होणार नाही, आणि तुमच्याच फायद्यासाठी होऊ नये. तुम्ही फिरता ते सेवा द्यायला. अभ्यासक्रमात फिरायचं ते मोजायला, आणि दोन्हींत घरं वेगवेगळी लागतात. सेवा देताना ज्या घरात गरोदर बाई आहे, ज्या घरात बाळ आहे तिथे तुम्ही जाता. मोजताना चिठ्ठी टाकून निघालेल्या घरात जावं लागतं, मग तिथे कुलूप असलं तरी दुसऱ्या दिवशी परत.

तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग दोघेही एमडी झाल्यावर जॉन्स हॉपकिन्सला एमपीएच करायला गेले, १९८४ मध्ये ते शिक्षण पुरं करून परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांनी दोन गावांत स्त्रीरोगांचा अभ्यास केला, तो १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तोवर बायकांच्या आजारांची जी माहिती होती ती मुख्यतः दवाखान्यात आलेल्या बायकांची. यांनी गावातल्या बायका घेतल्या, तक्रार असलेल्या आणि नसलेल्याही. ६५० जणींची तपासणी झाली. ९२ टक्के बायकांना एक तरी स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. दवाखान्याच्या रजिस्टरवरून हा आकडा जन्मात निघाला नसता. मेडिसिन, स्त्रीरोग अशा विषयांच्या एमडीला हे शिकवत नाहीत. जामखेडला १९७० मध्ये काम सुरू करणारं आरोळे दांपत्यही हॉपकिन्सला हेच शिकून आलं होतं.

तुमची सहा वर्षं वाया जात नाहीत. आरसीएच रजिस्टर (माता-बाल आरोग्याची नोंदवही) कसं भरलं जातं, कोणता रकाना महिनाअखेरीला घाईत भरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि वर्गातल्या इतरांना नसतं. प्रवेशाच्या निवेदनात हेच लिहा. ‘मला लहानपणापासून सेवेची आवड’ हे आम्ही निवड करणारे वाचतच नाही.

पत्राद्वारे करायचं तर त्या वर्षीच्या यूजीसीच्या दूरशिक्षणाच्या यादीत संस्थेचं आणि अभ्यासक्रमाचं, दोन्हींचं नाव आहे का बघा. आणि त्यात प्रत्यक्ष कामाचे आठवडे किती ते विचारा. शून्य असतील तर सोडून द्या. कंत्राटी नोकरीत अभ्यासरजा मिळेल या भरवशावर मात्र राहू नका.

प्रश्न : मुलगा एमबीबीएस. एमडी पीएसएम की एमपीएच? (सांगली)

वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागात शिकवायचं असेल तर एमडी. नीट-पीजी आणि तीन वर्षं. ते नको असेल तर एमपीएच दोन वर्षांत होतं. तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र, चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था या जागा बघायला सांगा. नीटमध्ये कमी गुण पडले म्हणून एमपीएच, असं असेल तर थोडं थांबा. नाइलाजाने आलेला डॉक्टर पहिल्या महिन्यातच ओळखू येतो.

प्रश्न : एमपीएचच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डेझर्टेशनचा विषय ‘विदर्भातील मधुमेहाचे प्रमाण व कारणे’ असा ठरवला आहे. गाइड म्हणतात कमी कर. किती कमी? (नागपूर)

गाइड सभ्य आहेत. ‘विदर्भ’ जाऊ द्या, ‘कारणे’ जाऊ द्या.

गणित करू. समजा तुमच्या वस्तीत तिशीपुढच्या माणसांत मधुमेह २० टक्के असावा असा अंदाज आहे आणि उत्तर चार टक्के इकडेतिकडे झालं तर चालेल. नमुन्याचं नेहमीचं सूत्र आहे ४ गुणिले २० गुणिले ८०, भागिले चाराचा वर्ग. उत्तर ४००. हे सुटी सुटी माणसं चिठ्ठीने निवडली तर. तुम्ही मोहल्ले निवडून त्यातली घरं घेणार असाल तर एका मोहल्ल्यातली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून आकडा साधारण दुप्पट धरतात. झाले ८००. एका दिवसात, दोघं फिरलात तरी, रक्त तपासून आणि प्रश्नावली भरून पंधरा-वीस माणसं होतात. दुपारी पुरुष घरी नसतात, तेव्हा रविवार धरावे लागतील. नैतिकता समितीची बैठक कधी आहे ते आजच विचारा, कारण परवानगीआधी गोळा केलेली माहिती फेकून द्यावी लागते. ज्याच्या रक्तात साखर निघाली त्याला कुठे पाठवणार, हे समिती विचारणारच. उत्तर तयार ठेवा, आणि त्या दवाखान्याशी आधी बोलून ठेवा.

आता ‘कारणे’. एकाच वेळी साखर मोजली आणि व्यायाम विचारला तर आधी काय झालं ते कळत नाही. मधुमेह निघाल्यावर डॉक्टरने सांगितलं म्हणून चालायला लागलेले लोक तुमच्या तक्त्यात ‘व्यायाम करणारे मधुमेही’ म्हणून दिसतील, आणि व्यायामाने साखर वाढते असा निष्कर्ष निघेल. हसू नका, असे प्रबंध मी तपासले आहेत. त्यापेक्षा असं करा. एका नागरी आरोग्य केंद्राच्या हद्दीत, आधीच मधुमेहाचं निदान झालेले किती जण नियमित गोळ्या घेतात, आणि जे घेत नाहीत ते का घेत नाहीत. पहिल्या भागाला आकडे, दुसऱ्याला पंधरा-वीस मुलाखती. मुलाखती सोप्या असतात या समजुतीत राहू नका, वर कोल्हापूरला लिहिलं आहे ते वाचा.

गाइडकडे जाताना एकच पान न्या. त्यावर हद्दीचा नकाशा, त्या हद्दीत निदान झालेले रुग्ण किती आणि ती यादी तुम्हाला कुणाकडून मिळणार, एवढं लिहा. यादी मिळत नसेल तर विषय बदला, आणि तो याच महिन्यात बदला.